हजार वाचकांचे किती? 'दर्पण' ते अ‍ॅडसेन्स

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. थोडा साफसूफ केलाय, कारण बोलताना मी दर दोन वाक्यांनी 'म्हणजे' म्हणतो.

आजचा विषय पैशाचा आहे. वेबसाइट काढायची, मराठीत लिहायचं, बाजूला जाहिरातींचे चौकोन लावायचे, लोक येतील तसे डॉलर येतील. हे स्वप्न माझ्या वयाच्या अर्ध्या इंजिनिअर पोरांनी कधी ना कधी पाहिलंय. मीही पाहिलं, आणि त्यातून थोडे पैसेही मिळाले. मी गोरेगावचा. फिल्मसिटीवालं गोरेगाव नाही, गोंदिया जिल्ह्यातलं. हा फरक पुढे हिशेबात येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

पण हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे, तेव्हा सुरुवात लॅपटॉपपासून नको. प्रश्न जुना आहे: मराठीत छापलेल्या मजकुराचे पैसे कोणी द्यायचे?

६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' काढलं. पानावर दोन रकाने, एकात इंग्रजी, एकात मराठी. तेव्हा बाळशास्त्रींचं वय विशीतलं, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा लहान. 'दर्पण' चालायचं ते वर्गणीवर. १८४० मध्ये ते बंद झालं. आता हे बघा, त्याच काळात, ३ सप्टेंबर १८३३ ला, न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डे नावाच्या छापखानेवाल्याने 'द सन' हा पेपर काढला आणि किंमत ठेवली एक सेंट. बाकीचे पेपर सहा सेंटला होते. डेचं डोकं साधं होतं: पेपर जवळजवळ फुकट द्यायचा, गर्दी जमवायची, आणि ती गर्दी दुकानदारांना दाखवून त्यांच्याकडून पैसे घ्यायचे. आज तुमच्या मोबाइलवर जे जे फुकट आहे, ते सगळं याच हिशेबावर चाललंय.

मग 'दर्पण'ने हे का केलं नाही? माझ्या मते करताच आलं नसतं. या हिशेबाला दोन गोष्टी लागतात. एक, वाचू शकणारे भरपूर लोक. दुसरी, अनोळखी माणसाला माल विकू पाहणारे दुकानदार. १८३२ च्या मुंबईत मराठी वाचणारे मोजके, आणि दुकानदाराचं गिऱ्हाईक त्याच्याच गल्लीतलं, तोंडओळखीचं. ज्याला सगळी गल्ली ओळखते तो जाहिरातीला पैसे कशाला देईल? हा मुद्दा लक्षात ठेवा. दोनशे वर्षांनी आमच्या गोरेगावच्या बाजारात तो जसाच्या तसा भेटतो.

मधली वर्षं मी भरभर ओलांडतो. छापखाने वाढले, शाळा वाढल्या, १८८१ मध्ये 'केसरी' आला, मराठी वाचक हजारांत मोजता येऊ लागले. जाहिराती येऊ लागल्या: औषधं, पुस्तकं, घड्याळं. १९०९ मध्ये मात्र एक गोष्ट झाली ती नीट बघण्यासारखी आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र (मूळ आडनाव आजगावकर) यांनी आपल्या 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला. मराठीतल्या दिवाळी अंकांची परंपरा इथून सुरू झाली असं आपण मानतो. शाळेत हे साहित्याचा इतिहास म्हणून शिकवतात. मला तो तितकाच धंद्याचा इतिहास वाटतो.

कारण बघा, दिवाळीत लोक खर्च करतात. कपडे, दागिने, भांडी, फराळाचं सामान. म्हणजे जाहिरातदाराला वर्षातल्या याच काही आठवड्यांत वाचक हवा असतो आणि त्यासाठी तो जास्त मोजायला तयार असतो. दिवाळी अंक काढणाऱ्या कुठल्याही संपादकाला विचारा, पावसाळ्यातच त्याची जाहिरातींसाठी धावपळ सुरू झालेली असते. कथा-कविता येत राहतात; अंक किती पानांचा हे बऱ्याचदा जाहिराती ठरवतात. आता हे वेबसाइटला लावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात डिस्प्ले जाहिरातींचे दर चढतात, जानेवारीत आपटतात. पहिल्यांदा वेबसाइट चालवणारा पोरगा जानेवारीत घाबरतो, साइटला कोणी नजर लावली की काय म्हणून सेटिंगा उलटसुलट करत बसतो. वाचक तेवढेच असतात. सण संपलेला असतो, बस. शंभरेक वर्षं हे मराठी प्रकाशकाला पाठ आहे, फक्त आपल्या डॅशबोर्डवर कोणी लिहून ठेवलेलं नाही.

आता १९२० कडे या. माझ्यासाठी या भागाचं काळीज इथे आहे, कारण त्या एका वर्षात मराठीत दोन नियतकालिकं निघाली आणि दोघांनी जाहिरातीच्या पैशाच्या दोन बाजू दाखवल्या.

पहिलं, 'किर्लोस्कर खबर'. औंध संस्थानात किर्लोस्करवाडीला लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना होता. लोखंडी नांगर हे त्यांचं नावाजलेलं उत्पादन. हा नांगर सुरुवातीला विकता विकेना, कारण लोखंडामुळे जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत. म्हणजे माल तयार होता पण गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं हा प्रश्न होता. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर कारखान्याच्या जाहिरातीचं काम बघत. त्यांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. कारखान्याची माहिती, मालाची माहिती, आणि हळूहळू बाकीचं बरंच काही. वाचकाला ते आवडलं. पुढे त्यातलं 'खबर' गळालं, 'किर्लोस्कर' मासिक झालं. १९३० मध्ये 'स्त्री', १९३४ मध्ये 'मनोहर'. आपल्या आज्यांच्या पिढीने वाचलेली ही मासिकं, त्यांचं मूळ एका कारखान्याच्या जाहिरात खात्यात आहे. आजच्या भाषेत कंटेंट मार्केटिंग म्हणा. इथे जाहिरातदार आणि प्रकाशक एकाच घरचे होते, मध्ये दलाल नव्हता. पहिल्या दिवसापासून पाठीशी विकायला एक ठोस वस्तू होती.

दुसरं, 'मूकनायक'. ३१ जानेवारी १९२०. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सुरू केलेलं पाक्षिक. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी २५०० रुपयांची मदत केली, त्यावर ते उभं राहिलं. आता वाचक बघा कोण. ज्यांना शाळेत वर्गाबाहेर बसवलं, ज्यांच्यात अक्षरओळख असणारेच थोडे, ज्यांच्या हातात रोख पैसा जवळजवळ नाही. या वाचकाला पेपरची गरज बाकी कोणापेक्षाही जास्त होती. पण साबण, घड्याळ, दागिने विकणाऱ्याला या वाचकात काय दिसणार? एखाद्या माणसाला तुमच्या शब्दाची किती गरज आहे हे जाहिरातीच्या बाजारात मोजलंच जात नाही. तिथे त्याचा खिसा मोजतात.

आणि गोष्ट इथे संपत नाही. 'मूकनायक' निघतोय एवढी जाहिरात छापा, पैसे घ्या, असं 'केसरी'ला सांगितलं होतं. 'केसरी'ने पैसे देऊनही ती छापली नाही. धनंजय कीरांनी लिहिलेल्या आंबेडकर चरित्रात हा प्रसंग आहे, आणि तेव्हा टिळक हयात होते हेही तिथे नोंदवलंय. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक थोडा वेळ बाजूला ठेवलं. आपण समजतो बाजार आंधळा असतो, ज्याचा पैसा त्याची जागा. इथे पैसा होता, जागाही होती, पण जागेच्या मालकाला आत कोण येतंय हे बघायचं होतं.

'मूकनायक' १९२३ मध्ये बंद पडलं. १९२७ मध्ये आंबेडकरांनी 'बहिष्कृत भारत' काढलं, आणि त्याचे रकानेच्या रकाने स्वतः एकट्याने लिहून भरले, कारण पगारी संपादक ठेवायला पैसा नव्हता. तेही १९२९ मध्ये थांबलं.

ही दोन उदाहरणं मनात ठेवून आता १९९४ मध्ये उडी मारू. इथून पुढे पात्रं बदलतात, गणित बदलत नाही.

२७ ऑक्टोबर १९९४. अमेरिकेत 'हॉटवायर्ड' या वेबसाइटवर पहिल्या बॅनर जाहिराती लागल्या. त्यातली एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची सगळ्यात गाजली. ४६८ बाय ६० पिक्सेलची पट्टी. बघणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोकांनी तिच्यावर क्लिक केलं असं सांगतात. आज एक टक्का क्लिक मिळाले तरी लोक पार्टी देतील. तेव्हा नवलाई होती. मला यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या वेळी कंपनी थेट वेबसाइटकडून जागा विकत घ्यायची, मासिकाचं पान घेतात तशी. अमुक आठवड्यांचे अमुक डॉलर.

मग दलाल आले. १९९६ मध्ये डबलक्लिक आली, जी हजारो साइटवरच्या जागा एकत्र विकायची. जून २००३ मध्ये गूगलने अ‍ॅडसेन्स सगळ्यांसाठी उघडलं: कोड चिकटवा, बाकी आम्ही बघतो. गूगल तुमचं पान वाचणार, त्याला साजेशी जाहिरात लावणार, आलेल्या पैशातला हिस्सा तुम्हाला देणार. किती हिस्सा, हे त्यांनी २०१० पर्यंत उघड सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा कळलं, ६८ टक्के प्रकाशकाला. २००८ मध्ये डबलक्लिकही गूगलच्या पोटात गेली, ३.१ अब्ज डॉलरला.

इंजिनिअर म्हणून मला या यंत्रणेचं कौतुक आहे, लपवत नाही. तुम्ही पान उघडता, ते उघडत असतानाच तुमच्या नजरेचा लिलाव होतो, बोली लागते, कोणीतरी जिंकतो आणि चौकोन भरतो. सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. आणि यामुळे एक खरीखुरी मोकळीक मिळाली. गोरेगावच्या पोराला मुंबईत कोणा जाहिरात एजन्सीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या नाहीत. तुझी जात काय, ओळख कोणाची, कोणी विचारलं नाही. १९२० च्या मानाने ही मोठी गोष्ट आहे.

पण एक गोष्ट विचारली: भाषा कुठली?

अ‍ॅडसेन्सला हिंदी चालायला लागली डिसेंबर २०१४ मध्ये. मराठी आली २०१८ मध्ये. म्हणजे इंग्रजीनंतर पंधरा वर्षांनी. मधल्या काळात मराठी लिहिणारे लोक काय काय करत? इंग्रजीत चार लेख टाकून मंजुरी मिळवायची आणि मग हळूच मराठी सुरू करायची, असे तोडगे सगळीकडे सांगितले जायचे. मायबोलीसारखी साइट १९९६ पासून मराठीत उभी होती, वाचक होते, लिहिणारे होते. कमाईच्या यंत्राला मात्र ही भाषा इतकी वर्षं दिसतच नव्हती. 'केसरी'सारखं कोणी ठरवून दार लावलं नव्हतं. या भाषेत विकत घेणारे पुरेसे आहेत का, याचा हिशेब कोणीतरी कॅलिफोर्नियात बसून केला असणार. दाराबाहेर उभं राहणाऱ्याला दोन्हीत फार फरक जाणवत नाही.

आमची साइट २०१९ ची. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. मी आणि माझा एक मित्र, दोघांनी मिळून काढली. भरतीच्या बातम्या, निकाल, हॉल तिकीट, धानाचा हमीभाव, बोनस जाहीर झाला की नाही, खरेदी केंद्र कधी उघडणार. आमच्याकडे धान म्हणजे सगळं. बोनसची बातमी आली की चौकात दुसरा विषय नसतो. जिओ येऊन तीन वर्षं झाली होती, प्रत्येकाच्या हातात फोन होता. लोक आले, बऱ्यापैकी आले.

अ‍ॅडसेन्समध्ये दहा डॉलर जमले की गूगल तुमच्या पत्त्यावर पोस्टाने एक पिन पाठवतं, पत्ता खरा आहे का बघायला. ते पत्र गोरेगावच्या पोस्टात आलं. पोस्टमनने ते घरी आणून दिलं आणि विचारलं, नोकरीचा कॉल आहे का. मोठेबाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाने, ते पत्र उलटसुलट करून पाहिलं. पुढे शंभर डॉलर जमल्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत, आणि त्याला आम्हाला कित्येक महिने लागले. मोठेबाबा अधूनमधून विचारत, "इतके लोक वाचतेत, त पैसे काहून भेटत नाही गा?"

काहून भेटत नाही, ते नीट सांगतो. हजार वेळा पान उघडल्यावर जे मिळतं त्याला आरपीएम म्हणतात. सगळा खेळ त्या आकड्याचा. आणि तो आकडा वाचकाच्या खिशावर ठरतो. पोलीस भरतीची बातमी वाचणारा मुलगा बेरोजगार आहे, म्हणून तर ती बातमी वाचतोय. त्याला कोण काय विकणार? क्लासवाले, एखादं गेमिंग अ‍ॅप, कर्जाचं अ‍ॅप. बोली खालीच राहते. त्याच काळात माझ्या कॉलेजमधला दुसरा एक मित्र इंग्रजीत क्रेडिट कार्डांची तुलना लिहायचा. त्याचे वाचक आमच्यापेक्षा खूप कमी, त्यातले काही अमेरिकेतले. त्याचे पैसे आमच्यापेक्षा जास्त. लिहिणं त्याचं बरं होतं की आमचं, याचा काही संबंध नाही. भरतीच्या साइटची 'मूकनायक'शी बरोबरी करण्याचा आगाऊपणा मी करणार नाही, पण ज्याला गरज सगळ्यात जास्त त्याच्या वाचण्याला भाव सगळ्यात कमी, हे मी माझ्या स्क्रीनवर रोज बघितलंय.

आता ते गोरेगावचं. मोबाइलच्या आयपी पत्त्यावरून माणूस नेमका कुठे बसलाय हे यंत्राला नीट कळत नाही. आमच्या भागातला फोन कधी नागपुरात दिसतो, कधी मुंबईत. मग आमच्याकडे धानाच्या बांधावर उभ्या माणसाला मुंबईच्या टू बीएचकेची जाहिरात दिसायची. जाहिरातदाराचे पैसे पाण्यात, वाचकाला उपयोग शून्य, आणि आमच्या वाट्याला चिल्लर. उलट गोरेगावचा जो दुकानदार खरंच या वाचकाला काही विकू शकतो, तो लिलावात येतच नाही. तो काय करतो? चौकात फ्लेक्स लावतो, ऑटोवर भोंगा बांधून गावोगाव फिरवतो, पेपरात पॅम्प्लेट टाकतो, आणि तालुका प्रतिनिधी दिवाळीला किंवा वर्धापनदिनाला दारात आला की विशेषांकाला एक चौकट देतो. त्यातही 'बातमी आली पाहिजे आपली' हे न बोललेलं असतं. तालुक्याच्या ठिकाणचं छापील वर्तमानपत्र किती वर्षं या चौकटींवर टिकून आहे, यावर खरं तर एक वेगळा भाग होईल.

म्हणजे पैसा गावात होता आणि आम्ही तो कॅलिफोर्नियामार्गे मागवत होतो.

पुढचं थोडक्यात. गूगलने २०२३ च्या शेवटी सांगितलं की अ‍ॅडसेन्स आता क्लिकवर नाही, जाहिरात दिसण्यावर पैसे देणार; २०२४ मध्ये ते झालं. असे बदल कळवले जातात, विचारले जात नाहीत. भारतात डिजिटल बातम्या प्रकाशकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलच्या चौकशीचा आदेश दिला. अमेरिकेत १७ एप्रिल २०२५ ला व्हर्जिनियातल्या फेडरल कोर्टाने निकाल दिला की प्रकाशकांची जाहिरात यंत्रणा आणि जाहिरातींचा लिलावबाजार, या दोन्हीत गूगलने बेकायदा मक्तेदारी केली. साध्या भाषेत: विकणाऱ्याचा अडत्या तोच आणि ज्या मंडीत लिलाव होतो ती मंडीही त्याचीच. धान विकलेल्या कुठल्याही माणसाला हे वाक्य दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

तुमच्यापैकी कोणी आज साइट काढत असेल तर काढा, अ‍ॅडसेन्स लावा, मी नको म्हणणार नाही. फक्त घरखर्च त्यावर ठेवू नका, आणि कोणता वाचक येतोय त्याआधी त्या वाचकाला काय विकलं जातं हे बघा. शंकररावांकडे नांगर होता. तुमच्याकडे काय आहे?

आमची साइट अजून आहे. आता मी नोकरीमुळे पुण्यात असतो, भरतीचा विभाग बंद केला, धानाचा ठेवला. वरच्या बाजूला आता गूगलचा चौकोन नाही. तिथे एका कृषी केंद्राची साधी इमेज आहे: बियाणं, खत, फवारणीचे पंप, खाली मोबाइल नंबर. क्लिक मोजायची सोय त्यात नाही. दुकानदार वर्षाचे पैसे एकदम यूपीआयने पाठवतो आणि आम्ही सहा वर्षांपूर्वी वर्षभरात जे कमवायचो त्यापेक्षा ते जास्त आहेत. जाहिरात चालते की नाही, हे त्याला कसं कळतं म्हणून मी एकदा विचारलं. तो म्हणाला, लोक दुकानात येऊन सांगतात ना, मोबाइलमध्ये पाहिलं म्हणून. मे महिन्यात त्याचा फोन आला होता, खरिपाच्या आधी पंपाचा फोटो बदलून दे म्हणाला. बदलून दिला.